विमानात बॅग फुटली तर भरपाई कशी मागायची: पट्ट्यापासून ग्राहक न्यायालयापर्यंत

बॅग फुटली तर विमान कंपनीकडून भरपाई मागता येते, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. पण ती मागायला सातच दिवसांची मुदत असते आणि तक्रार लेखीच करावी लागते, हे अनेकांना कळतं तेव्हा आठवा-दहावा दिवस उजाडलेला असतो. लांबचा प्रवास झालेला असतो, बाहेर कुणीतरी ताटकळत उभं असतं, आणि बॅगेचं एक चाक गायब आहे हे दिसत असूनही "जाऊ दे, घरी गेल्यावर बघू" म्हणत आपण बाहेर पडतो. निम्मं प्रकरण तिथेच हातचं जातं. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा पहिल्या तासाला आणि पहिल्या आठवड्याला दिली आहे. त्यानंतरच्या पत्रव्यवहाराला चिकाटी लागते, पण त्यात अवघड असं काही नाही.

हक्क नेमका काय आहे

आंतरराष्ट्रीय विमान प्रवासातल्या सामानाची जबाबदारी मॉन्ट्रियल करारानं ठरवून दिली आहे. हा करार २८ मे १९९९ रोजी झाला आणि ४ नोव्हेंबर २००३ पासून अमलात आला. जगातल्या बहुतेक देशांनी तो मान्य केला आहे. भारत २००९ पासून त्यात आहे. तिकिटासोबत येणाऱ्या बारीक अक्षरांतल्या मजकुरात त्याचा उल्लेख असतो, पण तो कुणी वाचत नाही.

त्यातलं कलम १७ आपल्या कामाचं. चेक-इन केलेली बॅग कंपनीच्या ताब्यात असताना तिचं नुकसान झालं, तर कंपनी जबाबदार. कुणी आपटली, कुठे आपटली, चूक कुणाची, हे आपण सिद्ध करायचं नसतं. बॅग धडधाकट दिली आणि मोडकी परत मिळाली, एवढं दाखवलं की पुरे. कंपनीची सुटका होते ती बॅगेच्या अंगच्याच दोषामुळे नुकसान झालं असेल तेव्हा, आणि तीही त्या दोषापुरतीच. शिवाय नुकसानीला प्रवाशाचा स्वतःचा हलगर्जीपणा कारणीभूत असेल, तर तेवढ्या प्रमाणात भरपाई कमी होते. केबिनमध्ये नेलेल्या बॅगेचा नियम वेगळा आहे. तिथे कंपनीची किंवा तिच्या माणसांची चूक आपल्याला दाखवावी लागते. विमानाच्या दाराशी कर्मचाऱ्यांनी टॅग लावून खाली पाठवलेली हातबॅग मात्र तिथून पुढे कंपनीच्या ताब्यात गेलेली असते, हे ध्यानात ठेवा. त्या टॅगची पावती जपून ठेवा.

भरपाईला वरची मर्यादा आहे. २८ डिसेंबर २०२४ पासून ती प्रत्येक प्रवाशामागे १५१९ एसडीआर आहे. त्याआधी १२८८ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. डॉलर, युरो, युआन, येन आणि पौंड या पाच चलनांवरून त्याचा भाव ठरतो आणि नाणेनिधीच्या संकेतस्थळावर तो पाहायला मिळतो. १५१९ एसडीआर म्हणजे ढोबळमानाने दोन हजार अमेरिकी डॉलरच्या आसपासची रक्कम. ही मर्यादा माणशी आहे, बॅगेमागे नाही. चार बॅगा दिल्या म्हणून ती चौपट होत नाही. उलट दोघांचं सामान एकाच बॅगेत असेल, तर आपापल्या वस्तूंसाठी दोघांनाही स्वतंत्र दावा करता येतो, असं युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०१२ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि ही मर्यादा म्हणजे ठरलेली रक्कम नव्हे. जेवढं नुकसान दाखवाल तेवढंच मिळणार.

कंपनीच्या स्वतःच्या वाहतूक-अटींमध्ये "आम्ही याला जबाबदार नाही, त्यालाही नाही" अशी लांबलचक यादी असते. ती वाचून दबून जाऊ नका. कराराचं कलम २६ सांगतं की कंपनीची जबाबदारी टाळणारी किंवा करारातली मर्यादा कमी करणारी कोणतीही अट रद्दबातल आहे. हे एक कलम लक्षात राहिलं तरी पुढच्या बऱ्याच उत्तरांना तोंड देता येतं.

देशांतर्गत प्रवासाला त्या त्या देशाचा कायदा लागतो. मर्यादा आणि मुदती तिथे निराळ्या असू शकतात. पण एक गोष्ट पुष्कळांच्या नजरेतून सुटते. परदेशी जाताना किंवा येताना मधला एखादा टप्पा एकाच देशातल्या दोन शहरांमधला असेल आणि सगळा प्रवास एकच व्यवहार म्हणून ठरलेला असेल, तर तो टप्पाही आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग धरला जातो. शेवटच्या छोट्या विमानात बॅग फुटली म्हणून तुम्ही देशांतर्गत प्रवासी ठरत नाही.

पायरी पहिली: बॅग उचलल्यावर, बाहेर पडण्याआधी

बॅग पट्ट्यावरून उतरवली की ढकलगाडीवर टाकायच्या आधी एकदा फिरवून बघा. चारही चाकं जमिनीला टेकतात का? ओढायची दांडी पूर्ण वर येते आणि परत आत जाते का? चेन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकते का? कोपरे, कडा, कुलपाची जागा. एका मिनिटाचं काम आहे. बाहेरून बॅग चेपलेली, ओली किंवा उघडलेली दिसत असेल, तर तिथेच बाजूला घेऊन उघडा आणि आतलं सामान बघा.

काही मोडलेलं दिसलं की फोन काढा. फोटो असे घ्या: आधी बॅग चारही बाजूंनी पूर्ण, मागे पट्टा किंवा त्यावरचा विमान क्रमांकाचा फलक दिसेल अशी. मग टॅग, अंक वाचता येतील इतका जवळून. मग मोडलेली जागा, आधी हातभर अंतरावरून आणि नंतर अगदी जवळून. हा शेवटचा फोटो नीट घ्या, कारण "हे आधीपासूनच मोडलेलं होतं" या उत्तराचं खंडन त्यातच असतं. कडक प्लास्टिकच्या बॅगेला पडलेली ताजी भेग कडेला पांढुरकी दिसते आणि तिच्या फटीत मळ नसतो. जुन्या भेगेत काळी धूळ बसलेली असते, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या असतात. चाक तुटलं असेल तर ते बसवलेल्या जागेचा फोटो घ्या: ताज्या तुटीचं प्लास्टिक खरखरीत आणि स्वच्छ असतं, स्क्रू उपटले गेले असतील तर भोकं फाटलेली दिसतात. आणखी काही दिवसांनी, बॅग जिन्यांवरून आणि रस्त्यावरून ओढून झाली की हा फरक पुसला जातो.

टॅग फाडू नका. त्यावरचा दहा अंकी क्रमांक म्हणजे त्या बॅगेची ओळख. पहिला अंक सोडला की पुढचे तीन अंक टॅग देणाऱ्या विमान कंपनीचे आणि शेवटचे सहा बॅगेचे. याच क्रमांकाची छोटी चिकटपट्टी चेक-इनच्या वेळी बोर्डिंग पासच्या मागे किंवा पासपोर्टवर लावलेली असते, तीही ठेवा. विमान कंपन्यांच्या आयाटा या संघटनेच्या ठराव ७५३ नुसार जून २०१८ पासून सदस्य कंपन्यांनी बॅगेचा माग चार ठिकाणी ठेवायचा असतो: प्रवाशाकडून घेताना, विमानात चढवताना, एका कंपनीकडून दुसरीकडे सोपवताना आणि प्रवाशाला परत देताना. पुढे दोन कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवू लागल्या, तर टॅगच्या क्रमांकावरून ही नोंद मागता येते.

पायरी दुसरी: काउंटरवरचा अहवाल

पट्ट्यांच्या हॉलमध्येच सामानाच्या तक्रारींचा काउंटर असतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या विमानांतून आला असाल, तर ज्या शेवटच्या विमानातून उतरलात त्या कंपनीचा किंवा तिच्या वतीने काम करणाऱ्यांचा काउंटर शोधा. तिथे 'प्रॉपर्टी इररेग्युलॅरिटी रिपोर्ट' नोंदवून घ्या. सगळे त्याला पीआयआर म्हणतात. त्याचा संदर्भ क्रमांक सहसा दहा अक्षर-अंकांचा असतो: विमानतळाची तीन अक्षरं, कंपनीची दोन, पुढे पाच अंक.

कर्मचारी भराभर टाइप करून कागद पुढे करतात. सही करण्याआधी वाचा. बॅगेचा प्रकार आणि रंग बरोबर आहे का, मोडलेली जागा नेमकी लिहिली आहे का, "किरकोळ नुकसान" असा शेरा मारला आहे का, हे पाहा. दोन चाकं तुटली असताना एकच लिहिलं असेल, तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. आतल्या वस्तू अजून तपासल्या नसतील, तर तसं एक वाक्य घालायला सांगा: "आतील सामानाची तपासणी बाकी आहे." प्रत हातात घ्या, नसेल तर पडद्याचा फोटो घेऊ द्या म्हणा.

काउंटर बंद असतो, रांग प्रचंड असते किंवा "चाकांची तक्रार आम्ही घेत नाही" असं सांगून परत पाठवलं जातं. अशा वेळी वाद घालत बसू नका. तिथूनच कंपनीच्या अधिकृत ईमेलवर किंवा तक्रार-फॉर्मवर चार ओळी पाठवा: विमान क्रमांक, टॅग क्रमांक, काय मोडलं, आणि काउंटरवर किती वाजता काय उत्तर मिळालं. सोबत फोटो जोडा. त्या ईमेलवरची वेळच पुढे तुमची साक्षीदार होते. एकदा हॉलमधून बाहेर पडलात की परत आत जाणं बहुतेक विमानतळांवर कठीण असतं, आणि "बाहेर नेल्यावर मोडली" असं म्हणायची सोय कंपनीला मिळते. तक्रार न करता बॅग स्वीकारली, तर ती सुस्थितीत मिळाली असं गृहीत धरलं जातं. कराराच्या कलम ३१ मध्येच तसं आहे. हे गृहीतक पुराव्यानं खोडता येतं, पण मग सिद्ध करायचं ओझं आपल्यावर येतं.

काही कंपन्या काउंटरवरच नवी बॅग देऊ करतात किंवा व्हाउचर पुढे करतात. मापाची, दर्जाची बॅग असेल आणि आतलं सगळं शाबूत असेल, तर घ्यायला हरकत नाही; प्रकरण तिथेच मिटतं. पण त्यासोबत सहीसाठी येणाऱ्या कागदावर "याबाबत आणखी कोणताही दावा करणार नाही" असं वाक्य आहे का ते बघा. आतलं सामान तपासल्याशिवाय त्या वाक्याखाली सही करू नका. थकलेल्या माणसासमोर असा कागद ठेवणं मला मुळीच न्याय्य वाटत नाही, म्हणून हे जोर देऊन सांगते आहे.

पायरी तिसरी: सात दिवसांच्या आत लेखी दावा

पीआयआर केलं म्हणजे काम झालं, असा समज फार पसरलेला आहे. पीआयआर ही घटनेची नोंद. भरपाईचा दावा वेगळा. कंपनीच्या प्रतिनिधीनं तक्रार यंत्रणेत नोंदवली की ती 'लेखी' मानली जाऊ शकते, असा निर्णय युरोपीय संघाच्या न्यायालयानं २०१८ मध्ये दिला. तरी त्या भरवशावर राहू नका. तुमच्या हातून, तुमच्या शब्दांत, तारखेसह गेलेलं पत्र असलंच पाहिजे.

मुदत मोजताना चुकू नका. नुकसान लक्षात आल्यावर लगेच, आणि काही झालं तरी बॅग हातात पडल्यापासून सात दिवसांच्या आत तक्रार रवाना झाली पाहिजे. हे कॅलेंडरचे दिवस आहेत. रविवार आणि सुट्ट्या त्यातच धरल्या जातात. बॅग उशिरा आली आणि मोडलेलीही आली, तर दोन मुदती सुरू होतात: नुकसानीसाठी सात दिवस, उशिरासाठी एकवीस दिवस, दोन्ही बॅग मिळाली त्या तारखेपासून. आतली वस्तू फुटल्याचं तिसऱ्या दिवशी कळलं तरी मुदत बॅग मिळाल्यापासूनच मोजायची. सात दिवस उलटून गेले आणि लेखी तक्रार नाही, तर कंपनीनं फसवणूक केल्याचं प्रकरण सोडलं तर दावाच उभा राहत नाही.

दुरुस्तीचा अंदाज यायचा आहे, बिल सापडत नाही, म्हणून पत्र थांबवून ठेवू नका. आकडा नंतर कळवता येतो. पत्राचा नमुना असा:

"मी अमुक तारखेला अमुक क्रमांकाच्या विमानाने आपल्या कंपनीतर्फे प्रवास केला. तिकीट क्रमांक, बॅगेच्या टॅगचा क्रमांक आणि पीआयआरचा संदर्भ क्रमांक खाली दिले आहेत. चेक-इनच्या वेळी बॅग सुस्थितीत होती व आपल्या कर्मचाऱ्यांनी ती कोणताही आक्षेप न घेता स्वीकारली. अमुक तारखेला मला मिळाली तेव्हा तिचे मागील उजवे चाक मुळासकट तुटलेले होते आणि खालच्या कोपऱ्याला सुमारे पंधरा सेंटिमीटरची भेग होती. हे नुकसान बॅग आपल्या ताब्यात असताना झाले आहे. मॉन्ट्रियल कराराच्या कलम १७(२) नुसार आपण त्यास जबाबदार आहात, आणि हे पत्र म्हणजे कलम ३१ नुसार दिलेली लेखी तक्रार आहे. दुरुस्तीचा किंवा बॅग बदलण्याचा खर्च, तसेच आतील खराब झालेल्या वस्तूंची किंमत मी मागत आहे. यादी व पुरावे सोबत जोडले आहेत. दुरुस्तीचा अंदाज मिळताच पाठवीन. कृपया तीस दिवसांच्या आत लेखी उत्तर द्यावे."

पत्र इंग्रजीत किंवा कंपनीच्या कामकाजाच्या भाषेत पाठवा, मुद्दे मात्र हेच ठेवा. राग, मनस्ताप, सुट्टी कशी वाया गेली याचं वर्णन, हे सगळं खरं असलं तरी या पत्रात नको. वाचणाऱ्याला तारखा आणि क्रमांक हवे असतात. मापं लिहा. "बॅगेची पार वाट लागली" यापेक्षा "पंधरा सेंटिमीटरची भेग" जास्त काम करते. कंपनीचा फॉर्म भरलात तर पाठवण्याआधी पडद्याचा फोटो घ्या, कारण अनेक फॉर्म भरलेल्या मजकुराची प्रत परत पाठवत नाहीत. शक्य असेल तर फॉर्म आणि ईमेल दोन्ही पाठवा.

पायरी चौथी: आकडा कसा बसवायचा

बॅग फेकू नका. दाव्याचा निकाल लागेपर्यंत ती जशी आहे तशी ठेवा, तुटलेले तुकडेही. कंपनी तपासणीसाठी मागू शकते.

आधी दुरुस्तीचा विचार करा. बॅगा दुरुस्त करणाऱ्याकडून लेखी अंदाज घ्या: काय बदलावं लागेल आणि किती खर्च येईल. दुरुस्ती होण्यासारखी नसेल, तर "ही बॅग दुरुस्त होऊ शकत नाही" एवढं एक वाक्य त्याच्या सही-शिक्क्यासह घ्या. काही कंपन्या ठरावीक दुरुस्तीवाल्याकडेच पाठवतात. मग त्यांच्याकडूनही लेखीच घ्या.

बदलून नवी घ्यायची असेल, तर मूळ खरेदीचं बिल सगळ्यात भक्कम. ते नसेल तर कार्डाचं विवरणपत्र, ऑनलाइन खरेदीची पावती, वॉरंटी कार्ड, किंवा तीच बॅग दिसणारा जुना फोटो आणि त्याच मॉडेलची आजची किंमत, यांपैकी जे मिळेल ते जोडा. बिल नाही म्हणून दावा संपत नाही, पुरावा थोडा दुबळा होतो एवढंच. कंपनी वयाप्रमाणे घसारा कापते, आणि वाजवी कपात मान्य करावी लागते. पण घसारा कसा काढला हे विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. दोनदाच वापरलेल्या बॅगेवर पाच वर्षं जुन्या बॅगेची कपात लावली असेल, तर खरेदीची तारीख दाखवून फेरविचार मागा.

आतल्या वस्तूंची यादी वेगळी करा. वस्तू, कधी घेतली, किती किंमत, काय झालं, असे चार रकाने. बाटली फुटून कपडे खराब झाले असतील, तर धुलाईचं बिल जोडा. धुऊन निघणाऱ्या डागासाठी नव्या कपड्यांची किंमत मागितली की बाकीच्या यादीवरचाही विश्वास जातो. मागणी नेमकी आणि खरी ठेवा. फुगवलेला आकडा कंपनीला सगळाच दावा संशयित ठरवायचं निमित्त देतो.

पायरी पाचवी: नकाराची उत्तरं आणि त्यांना द्यायची उत्तरं

पहिलं उत्तर बऱ्याचदा ठरावीक साच्यातलं असतं. ते शेवटचं उत्तर आहे असं समजून फाइल बंद करू नका.

"चाकं, मुठी, पट्टे यांचं नुकसान म्हणजे नेहमीची झीज." ओरखडे, मळ, किरकोळ पोचे ही झीज म्हणता येईल, त्यावर भांडू नका. मुळासकट उपटलेलं चाक ही झीज नव्हे. करारात चाकं किंवा मुठी वगळणारा एकही शब्द नाही. वगळला आहे तो बॅगेचा अंगचा दोष. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं तर २०१५ मध्ये कंपन्यांना बजावलं की चाकं, मुठी, पट्टे, चेन अशा भागांचं नुकसान सरसकट नाकारता येणार नाही, आणि जबाबदारी आपली नाही असं वाटलं तरी तक्रार नोंदवून घ्यावीच लागेल. उत्तरात कलम १७(२) आणि २६ यांचा उल्लेख करा आणि ताज्या तुटीचा फोटो पुन्हा जोडा.

"बॅग प्रमाणाबाहेर भरलेली होती." चेक-इनला नोंदलेलं वजन मर्यादेत होतं आणि बॅग आक्षेपाशिवाय घेतली, हे दाखवा. इथे एक अपवाद. चेक-इनच्या वेळी कर्मचाऱ्यानं 'बॅग आधीच खराब', 'नाजूक' किंवा 'जास्त भरलेली' अशी खूण केलेल्या टॅगवर तुमची सही घेतली असेल, तर त्या कारणापुरता दावा कमकुवत होतो. पण त्या कारणापुरताच. 'चेन आधीच नादुरुस्त' यावर सही असताना बॅगेचा कोपरा फुटला, तर त्या सहीचा कोपऱ्याशी संबंध नाही.

"विमानतळावर तक्रार केली नव्हती." करारानं मुदत सात दिवसांची दिली आहे, हॉल सोडेपर्यंतची नाही. पुरावा भक्कम असेल तर हे उत्तर टिकत नाही.

"नुकसान दुसऱ्या कंपनीच्या विमानात झालं." एकामागून एक वेगवेगळ्या कंपन्यांनी तुम्हाला नेलं असेल, तर कलम ३६ नुसार पहिली कंपनी, शेवटची कंपनी आणि जिच्याकडे नुकसान झालं ती, यांपैकी कुणाकडेही दावा करता येतो. त्यांनी आपसांत काय ते बघून घ्यावं. तिकीट एका कंपनीचं आणि विमान दुसरीचं असेल, तरी कोणत्याही एकीकडे केलेली तक्रार दोघींना लागू होते. ते कलम ४२ मध्ये आहे. तरीही सावधगिरी म्हणून पत्राची प्रत दोघींना पाठवा.

"सुरक्षा तपासणीत कुलूप तोडलं." हे उत्तर खरं असू शकतं. अमेरिकेत टीएसए ही सरकारी यंत्रणा बॅग उघडते तेव्हा आत छापील सूचना ठेवते. तिच्या तपासणीत नुकसान झालं असेल, तर दावा तिच्याकडे करायचा असतो.

पायरी सहावी: कंपनी ऐकतच नसेल तर

आधी कंपनीतल्याच वरच्या पायरीवर जा. बहुतेकींचा तक्रार निवारण अधिकारी किंवा ग्राहक संबंध विभाग असतो. आधीचा सगळा पत्रव्यवहार तारखांसह जोडा आणि कोणत्या दिवसापर्यंत उत्तर हवं ते लिहा. तिथेही काही झालं नाही, तर देशाच्या विमान वाहतूक नियामकाकडे किंवा सरकारी तक्रार पोर्टलवर तक्रार टाका. नियामक प्रत्येक वेळी पैसे मिळवून देईलच असं नाही, पण तिथून विचारणा गेली की पडून राहिलेली फाइल हलते.

त्यानंतर ग्राहक न्यायालय किंवा लहान रकमांचं न्यायालय. मॉन्ट्रियल करारानुसार विमान पोहोचल्यापासून दोन वर्षांत दावा दाखल झाला पाहिजे, आणि कंपनीशी पत्रापत्री चालू आहे म्हणून ही मुदत थांबत नाही. "आम्ही तपासत आहोत" असं म्हणत एखादी कंपनी महिनोन्‌महिने काढू शकते. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. दावा कुठे लावायचा तेही करारात आहे: कंपनीचं मूळ ठिकाण, तिचं मुख्य कार्यालय, जिथल्या कार्यालयामार्फत तिकीट काढलं ती जागा, किंवा प्रवासाचं अंतिम ठिकाण. परतीचं तिकीट असेल तर अंतिम ठिकाण म्हणजे जिथून निघालात तेच धरलं जातं, आणि बहुतेकांसाठी ते सोयीचं असतं.

न्यायालयाचा खर्च १५१९ एसडीआरच्या मर्यादेपेक्षा वेगळा मिळू शकतो. मात्र घटनेपासून सहा महिन्यांच्या आत, किंवा दावा त्यानंतर दाखल झाला तर तो दाखल होण्याआधी, कंपनीनं लेखी देऊ केलेली रक्कम निकालातल्या रकमेइतकी किंवा जास्त असेल, तर हा जादा खर्च मिळत नाही. म्हणून कंपनीचा लेखी प्रस्ताव रागानं धुडकावण्याआधी त्याचा आकडा थंड डोक्यानं बघा.

प्रवास विमा असेल तर दोन्ही बाजूंनी काम सुरू करा. विमा कंपनी पीआयआर मागतेच, आणि पुष्कळदा विमान कंपनीचं लेखी उत्तरही. एकाच नुकसानीचे पैसे दोनदा घेता येत नाहीत, पण एकीनं कापलेला भाग दुसरीकडे मागता येतो. तिकीट ज्या क्रेडिट कार्डावर काढलं त्याच्यासोबत विमा येतो का, तेही तपासा.

महागड्या आणि न बदलता येणाऱ्या वस्तू

व्हीलचेअर मोडली तर माणसाची हालचालच थांबते, तरी करारात ती सामान म्हणूनच मोजली जाते. मोजमाप घेऊन बनवलेल्या विजेवरच्या व्हीलचेअरची किंमत १५१९ एसडीआरच्या कितीतरी पट असते. हा नियम मला अतिशय क्रूर वाटतो. काही देशांनी स्वतःचे कायदे करून थोडी सुधारणा केली आहे. अमेरिकेत देशांतर्गत प्रवासात अशा साधनाची भरपाई मूळ खरेदी किमतीच्या आधारे होते आणि सामानाची मर्यादा तिथे लागू होत नाही.

बाकी ठिकाणी हाती असलेला उपाय म्हणजे कलम २२ मधली विशेष घोषणा. बॅग किंवा साधन चेक-इनला देताना त्याची किंमत लेखी जाहीर करायची आणि कंपनी मागेल ते जादा शुल्क भरायचं. मग भरपाईची मर्यादा त्या जाहीर रकमेपर्यंत वाढते. वाद्यं, छायाचित्रणाची उपकरणं, खेळाचं महागडं साहित्य यांनाही हे लागू पडतं. ही सोय काउंटरवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत असेलच असं नाही. म्हणून प्रवासाच्या आठवडाभर आधी कंपनीला ईमेल करून विचारा: घोषणा कशी करायची, शुल्क किती, आणि कोणत्या वस्तू चालतात. उत्तराची छापील प्रत सोबत न्या, काउंटरवर दाखवा आणि शुल्काच्या पावतीवर जाहीर केलेली रक्कम लिहून घ्या. साधन ताब्यात देण्याआधी त्याच काउंटरसमोर, टॅग लावलेला असताना, ते चालतं आहे याचं छोटं चित्रीकरण करून ठेवा.